उन्हाळ्यापुरतें केंब्रिज

नवी मुंबईंत वाशी-नेरुळकडील सुशिक्षित घरांतून हल्लीं मुलांना उन्हाळ्यापुरतें ऑक्सफर्ड-केंब्रिजला पाठविण्याचा विचार निघतो. आमचा त्यास विरोध नाहीं; परंतु गांठीचे पैसे सोडण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. केंब्रिजचें अध्यापन वर्षांतून आठ-आठ आठवड्यांच्या तीन सत्रांत चालतें. उन्हाळ्यांत विद्यार्थी घरीं गेले म्हणजे कॉलेजांच्या रिकाम्या खोल्या भाड्यानें दिल्या जातात, आणि तेथें भरणारे कित्येक वर्ग खाजगी कंपन्यांचे असतात. विश्वविद्यालयांचे स्वतःचेहि उन्हाळी वर्ग आहेत. ऑक्सफर्डचा पहिला उन्हाळी मेळावा तर १८८८ मध्येंच भरला होता. तेव्हां प्रमाणपत्रावर सही कोणाची, हें आधीं विचारावें. भिंत जुनी म्हणून शिक्षक तेथलाच, असें नव्हे!

मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९६ मध्यें सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत गेले आणि १८९९ मध्यें सीनियर रँग्लर झाले. तें तीन वर्षांच्या अभ्यासाचें फळ होतें. दोन-तीन आठवड्यांत आपली मुलगी काय आणील? डोळे भरून पाहिलेलें ग्रंथालय, परदेशच्या मुलांशीं घातलेला वाद, आपले कपडे आपण धुण्याची संवय. हेंहि थोडें नव्हे. पण या प्रमाणपत्रानें पुढें प्रवेश सुलभ होतो, असें कोणी सांगूं लागल्यास तें लेखी मागावें.