मुडदा बशिवला तुमचा!

येळवशीचा, म्हणजे वेळा अमावस्येचा दिवस होता. लातूर जिल्ह्यातलं आमचं शेत, मार्गशीर्षातलं कोवळं ऊन, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा नुकतीच झालेली. भज्जी, उंडे, आंबिलाचं गाडगं मांडून पंगत बसली होती. आजोबा आजीला म्हणाले, "म्हातारे, आंबील वाढ की. का मी मेल्यावर पिंडाला ठिवायलीस?"

"मुडदा बशिवला तुमचा! सणासुदीचं काय बोलायलाव?" आजी कडाडली, आणि त्यांचा तांब्या तिनं काठोकाठ भरला.

या तीन शब्दांच्या शिवीत किती काय दडलंय ते कळल्यापासून मी थक्क आहे.

पहिला शब्द 'मुडदा'. हा फारसीतला 'मुर्दा'. बेशरम, नालायक, हैवान, हरामखोर ही सगळी मंडळी अशीच अरबी-फारसीच्या वाटेनं आली आणि मराठीत कायमची राहिली. त्यात मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीत उर्दू, बाजारात दखनी. माझी आजी शाळेची पायरी चढली नव्हती, पण फारसी शब्द तिच्या चुलीपाशी रोज फोडणीला पडत होते. 'इरसाल'चंच बघा. मुळात इरसाल म्हणजे सरकारी खजिन्यात भरणा केलेली रक्कम. खजिन्यात खोटं नाणं चालत नाही, निवडक अस्सलच लागतं. म्हणून पुढं अस्सल वस्तादाला आपण 'इरसाल' म्हणू लागलो. खजिन्याचा शब्द पारावरच्या दोस्तांना चिकटला!

दुसरा शब्द 'बशिवला', म्हणजे बसवला. आमच्याकडं लिंगायत समाज मोठा, आणि त्यांच्यात मृतदेह बसलेल्या स्थितीत पुरतात. त्यामुळं आजीची शिवी ऐकली की लहानपणी माझ्या डोळ्यांपुढं तेच चित्र उभं राहायचं.

पण खरी कमाल तिसऱ्या शब्दात आहे: 'तुमचा'. नवऱ्याचं मरण चिंततानाही आजीनं अहो-जाहो सोडलेलं नाही! उखाण्याखेरीज जिनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नाही, ती त्याला चारचौघांत मुडदा म्हणते, तेही आदरार्थी बहुवचन सांभाळून.

मग जवळच्या माणसाच्या मरणाची भाषा तोंडात येतेच कशी? नांदेडच्या बाजारात आठ दिवसांनी भेटलेला मित्र दुसऱ्याला विचारतो, "मेला व्हतास का रे? कुठं गाडला व्हता इतके दिस?" याचा अर्थ एवढाच, की तुझी आठवण आली. मला याचं उत्तर आपल्या जुन्या नावांत दिसतं. दगडू, धोंडू, केरबा. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथं नव्या लेकराला असं मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचे. दगडाला, केराला कोण उचलून नेणार? गालावरच्या काळ्या तिटेचं कामही हेच. प्रेम उघड बोललं तर दृष्ट लागते, म्हणून ते शिवीत गुंडाळायचं. मरणाचा शब्द आपणच आधी उच्चारायचा, म्हणजे मरण फिरकत नाही.

आपलं व्याकरणही या कामात सामील आहे. 'तो येडा आहे' म्हटलं तर भांडण होईल. 'लई येडं हाय ते' म्हटलं की राग विरतो. फरक फक्त लिंगाचा. मराठीत लेकरू, पिल्लू, वासरू, कोकरू ही सगळी नपुंसकलिंगी. साठीच्या गड्याला 'येडं' म्हटलं की तो या पिल्लांच्या रांगेत जाऊन बसतो. 'बेनं' तसंच. बेणं म्हणजे लावणीसाठी राखलेली उसाची कांडी. 'लई बेनं हाय' म्हणजे बिलंदर आहे, पण बियाण्यासारखं जपून ठेवावं असं.

शिवीचा, थट्टेचा हा परवाना मात्र सरसकट नसतो. धाकट्या दिराशी थट्टा चालते, थोरल्या दिरासमोर पदर सावरायचा. आमच्याकडं मामाच्या मुलीशी लग्न चालतं, म्हणून आतेभाऊ आणि मामेबहीण एकमेकांना हक्कानं चिडवतात. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो आणि वर मान वसूल करतो. रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञानं 1940 मध्ये अशा नात्यांवर लेख लिहिला. जगात ठिकठिकाणी अशी नाती आहेत, जिथं चिडवायला मुभा असते आणि रागवायला बंदी. जिथं नातं जोडलेलं असतं आणि ताणही असतो, तिथं थट्टा तो ताण झेलते, असं त्यानं दाखवलं. आमचा कानपिळ्या त्याला नक्की आवडला असता.

या खेळाची मर्यादाही तितकीच पक्की हवी. जातींची नावं शिवी म्हणून वापरली गेली, बाईच्या चारित्र्यावर शब्द फेकले गेले. ती थट्टा कधीच नव्हती. ज्याला उलटून बोलता येत नाही, त्याच्याशी मस्करी होत नाही. आजोबा 'म्हातारे' म्हणायचे, कारण आजीकडं 'मुडदा' तयार असायचा.

आम्हा नातवंडांच्या वाट्याला 'तुमचा' नव्हतं, नुसतं 'मुडद्या'. एका पावसाळ्यात मला ताप भरला. रात्री आजी उशाशी बसून कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. म्हणाली, "बाळा, पाणी पितोस का?" तो शब्द ऐकून मी तापानं घाबरलो नव्हतो इतका घाबरलो. आजी मला कधीच बाळा म्हणायची नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. ऊन अंगणात आलं होतं आणि मी अजून गोधडीत होतो. चुलीपाशून हाक आली, "उठ की मुडद्या, किती लोळायलास!"

मी उठलो. आता आपण बरे झालो, हे मला पक्कं कळलं होतं.