टँगोची चाल : पाऊल टाकण्याआधी थांबायला शिका

परेड आम्हा कॅडेट्सना रोजचीच. टँगो मात्र मी सुट्टीत ताईबरोबर शिकतो. बाबा विचारतात, "रोज कदमताल करणाऱ्याला चालायला काय शिकायचं?" इतर पालकांनाही हा प्रश्न पडेल, म्हणून हे उत्तर.

टँगो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्युनॉस आयरिस आणि माँटेव्हिडिओ या बंदरांच्या शहरांत वाढला. 2009 साली युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. मी शिकतो तो इंग्लंडमध्ये नियमबद्ध झालेला बॉलरूम टँगो.

त्याचा ताल 2/4 असतो. मिनिटाला सुमारे 33 बार आणि प्रत्येक ठोक्याला एक 'स्लो' पाऊल, म्हणजे मिनिटाला 66 पावले. एनसीसीच्या कवायतीत 'तेज चल'ला 120 आणि 'धीरे चल'ला 70 पावले पडतात. म्हणजे वेग आपल्या ओळखीचाच आहे. नवीन आहे ते पाऊल.

पहिला फरक गुडघ्यांचा. टँगोत ते किंचित वाकलेले असतात आणि तसेच राहतात. वॉल्ट्झसारखे शरीर वरखाली होत नाही. डोके एकाच उंचीवर सरकते.

दुसरा फरक पाऊल टाकण्याचा. इतर बॉलरूम नृत्यांत पाऊल जमिनीलगत घासत पुढे जाते. टँगोत ते जरासे उचलून ठेवतात. पुढे जाताना आधी टाच टेकते, मग पूर्ण तळवा. मागे जाताना आधी चवडा टेकतो आणि वजन येईल तशी टाच सावकाश खाली येते. डावे पाऊल शरीरासमोर थोडे आडवे पडते आणि उजव्या पावलाबरोबर शरीराची उजवी बाजू पुढे येते. त्यामुळे चाल आपोआप डावीकडे वळत जाते.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. ठोक्यावर पाऊल टेकले, वजन त्यावर आले, की मागचा पाय लगेच ओढायचा नाही. तो मागेच ठेवायचा आणि पुढच्या ठोक्याच्या अगदी आधी झटकन पुढे न्यायचा. टँगोला धार येते ती या थांबण्यातून. पाय सतत हलता राहिला, तर ती संध्याकाळची शतपावली होते!

हे महत्त्वाचे का? कारण समोरची जोडीदार उलटी चालत असते. तिला मागचे दिसत नाही. माझे शरीर निघाले की तिला दिशा कळते. शरीराआधी पाऊल निघाले, तर ते तिच्या बोटांवर पडते. परेडमध्ये आपण शब्दाच्या हुकमावर चालतो. इथे हुकूम शरीराच्या वजनाने द्यावा लागतो, आणि तो समोरच्याला समजेल इतका स्पष्ट असावा लागतो.

मित्रांनो, बराकीच्या व्हरांड्यात करून पाहा. एक पाऊल पुढे टाका, थांबा आणि मागचा पाय जमिनीवरून बोटभर उचला. तोल गेला, तर वजन अजून दोन्ही पायांत वाटलेले आहे. तोल राहिला, की मगच पुढचे पाऊल टाका. रोज पाच मिनिटे पुरेत. ड्रिलच्या उस्तादांनाही आवडेल : 'थम'वर डगमगणारे कमी होतील.