मैफलीच्या दारातील चहा

जेथे माणसांचा समुदाय जमतो, तेथे त्यांच्या तहानभुकेची सोय करणारा विक्रेताही येऊन उभा राहतो. पंढरीची वारी असो, आठवड्याचा बाजार असो, की कुस्त्यांचा फड असो. चहाची किटली तेथे असावयाचीच. गाण्याच्या मैफलीही याला अपवाद नाहीत. पुण्यात १९५३ साली पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ एक संगीत महोत्सव सुरू केला. दर हिवाळ्यात भरणाऱ्या या महोत्सवाला हजारो श्रोते येतात. मंडपात गाणे आणि मंडपाबाहेर खाद्यपेयांची दुकाने, हे तेथील नेहमीचे दृश्य आहे. असे दुकान दिसावयास लहान. पण ते चालविण्यास लागणारे शहाणपण लहान नव्हे.

ज्याला असे दुकान थाटावयाचे असेल, त्याने प्रथम व्यवस्थापकांची परवानगी घ्यावी आणि जागेचे भाडे ठरवावे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे नोंदणीही करावी लागते. शुद्ध पाणी, झाकणाची भांडी, कचऱ्याची टोपली आणि आगीपासून संरक्षणासाठी वाळूची बादली, एवढी सिद्धता हवीच.

यानंतर येतो हिशेब. समजा, एका दिवसाचे भाडे २,००० रुपये, मदतनिसाची मजुरी ६०० रुपये आणि गॅस व वाहतूक यांचा खर्च ४०० रुपये आहे. चहाचा एकही पेला खपला नाही, तरी हे ३,००० रुपये गेलेच. एक पेला १५ रुपयांना विकला आणि दूध, साखर, चहापूड व कागदी पेला यांना ७ रुपये लागले, तर पेल्यामागे ८ रुपये उरतात. ३,००० ला ८ ने भागले की उत्तर येते ३७५. म्हणजे ३७५ पेले खपेपर्यंत विक्रेत्याच्या पदरी काहीच पडत नाही. ३७६ वा पेला ही त्याची पहिली कमाई! ५०० पेले खपले तर १,००० रुपये नफा होतो. परंतु ५०० पेल्यांचे सामान खर्ची घालून ३५० पेलेच खपले, तर गल्ल्यात ५,२५० रुपये येतात आणि खर्च मात्र ६,५०० रुपये होतो. दिवसभर राबून १,२५० रुपये पदरचे जातात. म्हणून चहा वाया जाऊ न देणे, हे या धंद्याचे मर्म आहे.

हे साधणे सोपे नाही. गाणे रंगात असता श्रोते जागचे हलत नाहीत. एक कलावंत उठून दुसरा बैठक मांडीपर्यंत जो थोडा अवकाश मिळतो, तेवढ्यात सारी झुंबड उडते. दोन माणसे मिळून मिनिटाला १० पेले देत असतील, तर १५ मिनिटांत १५० पेलेच देता येतील. चहा फार आधी करून ठेवला तर तो कडवट होतो. उशिरा ठेवला तर गिऱ्हाईक तसेच परत फिरते. मग पातेले केव्हा चढवावे?

याचे उत्तर मंडपातून येणाऱ्या सुरांतच मिळते. ख्यालाचा आरंभ विलंबित, म्हणजे संथ लयीत होतो. तेव्हा विक्रेत्याला सवड असते. पुढे द्रुत बंदिश सुरू होते, ताना झरझर येऊ लागतात, तबल्याची गती वाढते. जाणता विक्रेता त्या वेळी पाणी ठेवतो. शेवटच्या कलावंताने भैरवी आरंभिली, की तो दुधाची नवी पिशवी फोडीत नाही. कारण भैरवीने मैफलीची सांगता करण्याचा प्रघात आहे, आणि त्यानंतर श्रोते घरची वाट धरतात.

आणखी एक पथ्य आहे. बाजारात विक्रेता जितका मोठ्याने ओरडेल, तितकी गिऱ्हाइके त्याच्याकडे वळतात. येथे मात्र आरोळी वर्ज्य! भांड्यांचा खणखणाट झाला तरी मंडपातील रसभंग होतो. ज्या गाण्यामुळे लोक जमले, त्याच गाण्याला आपल्या धंद्याने उपद्रव दिला, तर पुढील वर्षी जागा कोण देईल?

भांडवल उसने आणता येते, भांडीही भाड्याने मिळतात. परंतु आपल्या गिऱ्हाइकाला काय हवे आणि केव्हा हवे, हे ज्याचे त्यानेच कान देऊन ऐकावे लागते.