घरच्या इंटरनेटचा वेग आणि विलंब

ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनी या वस्तीचे नावच तिचा पूर्ववृत्तांत सांगते. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याजवळ आपल्या सैन्याचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे लष्कर हे शहर झाले. शिंद्यांच्या आश्रयाने तेथे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांतील मुलेबाळे आज नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस पांगली आहेत. पूर्वी त्यांची खुशाली पोस्टकार्डाने कळे. आता रात्रीच्या जेवणानंतर पडद्यावर मुलाचा चेहराच दिसतो.

अशा एखाद्या घरातील आजीबाई डोळ्यांसमोर आणाव्यात. पुण्याच्या मुलाशी बोलणे सुरळीत चाललेले असते. इतक्यात चेहरा गोठतो. "आई, तुझा आवाज तुटतोय गं," एवढे कसेबसे ऐकू येते. मग दोघेही एकदम बोलतात आणि दोघेही एकदम थांबतात. दुसऱ्या दिवशी तक्रारीवरून कंपनीचा माणूस येतो, वेग मोजतो आणि शंभर मेगाबिटांचा आकडा दाखवून जातो. त्याचा आकडा खोटा नसतो. आजीबाईंची तक्रारही खोटी नसते. दोघे दोन निरनिराळ्या गोष्टींविषयी बोलत असतात, इतकेच.

वेग म्हणजे एका सेकंदात किती माहिती वाहून नेली जाते, ते माप. विलंब म्हणजे एक लहानशी चिठ्ठी धाडल्यापासून तिचे उत्तर हाती येईपर्यंत लागणारा काळ. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. हजार किलोमीटर जाण्यास त्याला पाच मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोनशेवा भाग, पुरतो. तेव्हा पुणे दूर आहे ही सबब येथे चालणार नाही. विलंब बहुधा घरच्या उंबरठ्यावरच होतो.

पिठाच्या गिरणीवर एका गिऱ्हाइकाने वीस पोती गहू आणून टाकावा आणि त्याच्या मागे एखादी बाई दोन किलोंचा डबा घेऊन उभी राहावी, तसा हा प्रकार आहे. गिरणी मंदावलेली नसते. डबा मात्र पोत्यांमागे अडकतो. आजीबाई बोलत असताना नातवाचा मोबाइल दिवसभरातील छायाचित्रे दूरच्या साठ्यात पाठवू लागतो, ती ही पोती; आणि आवाज हा डबा. राउटरात एक मेगाबाइट माहिती थोपवून धरण्याची जागा आहे आणि बाहेर जाणारा मार्ग दहा मेगाबिटांचा आहे, असे धरू. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ती रांग ओसरण्यास ०.८ सेकंद लागेल. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे संभाषणात एका दिशेचा विलंब शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि ४०० च्या पुढे तर जाऊच नये.

इतकी मोठी रांग ठेवलीच कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. १९८६ साली कॅलिफोर्नियात बर्कली येथील प्रयोगशाळा आणि विद्यापीठ यांमधील, जेमतेम चारशे यार्डांच्या अंतरावरील दळणवळण गर्दीने असे तुंबले की, सेकंदास ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर १९८८ मध्ये उपाय मांडला: माहितीचे पुडके हरवले की पाठविणाऱ्या संगणकाने गर्दी ओळखावी आणि आपला वेग आवरावा. पुढे स्मृती स्वस्त झाली. एकही पुडके हरवू नये म्हणून यंत्रांत मोठमोठ्या रांगा ठेवण्यात आल्या, आणि सावध करणारी खूणच उशिरा मिळू लागली. जिम गेटिस या अभियंत्यास २०१० मध्ये स्वतःच्या घरीच हा दोष आढळला. त्याने त्यास 'बफरब्लोट' असे नाव दिले.

यास्तव मोजणी करावयाची ती गर्दीतच. संगणक शक्यतो तारेने राउटरला जोडावा, कारण वायफायचे दोष निराळे असतात. घरातील इतर यंत्रे थांबवून 'पिंग' ही आज्ञा द्यावी आणि उत्तराचा काळ टिपावा. पिंग चालू ठेवूनच एक मोठी फाइल बाहेर पाठवावी आणि पुन्हा आकडे पाहावेत. नंतर मोठी फाइल उतरवून घेताना पाहावेत. सरासरीने फसू नये. शंभर उत्तरांपैकी पाच फार उशिरा आली तरी बोलणे तुटते. रिकाम्या वेळी ३० आणि गर्दीत ४० मिलिसेकंद दिसले, तर चिंता नको. ३० चे ८०० झाले, तर शंभराऐवजी तीनशे मेगाबिटांची योजना घेण्याआधी विचार करावा. ज्यांना आज्ञा देण्याचा कंटाळा असेल त्यांना फास्ट डॉट कॉम या संकेतस्थळावर अधिक तपशील उघडल्यास रिकाम्या व भरल्या मार्गाचे विलंब वेगवेगळे दिसतात.

कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये 'कोडेल' ही रीत सुचविली. तीत रांग किती लांब आहे हे न पाहता पुडके रांगेत किती वेळ ताटकळले हे पाहतात. तिच्या सुधारलेल्या रूपात प्रत्येकाची रांग वेगळी ठेवतात; दोन किलोंचा डबा पोत्यांच्या मधूनच दळून मिळतो. ही सोय काही राउटरांत 'एसक्यूएम' या नावाने असते. ती चालू करून बाहेर जाणाऱ्या मार्गाची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास ठेवावी, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न साचता घरच्या राउटरात राहते. दहा टक्के वेग हातचा जातो, हे खरे. पण तो गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कंपनीने दिलेल्या साध्या राउटरात ही सोय बहुधा नसते. तेथे नातवाच्या मोबाइलमधील छायाचित्रांची रवानगी तेवढी आजीबाईंच्या निजण्याच्या वेळेनंतर सुरू होईल, अशी व्यवस्था करावी.