संपादकांचं आमंत्रण आलं, पण धाडलं कुणी?

दिवाळी अंकासाठी कथा पाठवून लेखिका महिनाभर वाट बघते. एका सकाळी मोबाइलवर संपादकांचंच नाव झळकतं: लिंक्डइनवर जोडले जाऊ या! कथा आवडली वाटतं?

जरा थांबा. 2003 साली सुरू झालेल्या या साइटवर सदस्याच्या ईमेलमधले सगळे पत्ते उचलून एका फटक्यात आमंत्रणं धाडायची सोय आली. त्यात जुने घरमालक असतात, विमा एजंट असतो आणि कधीतरी एकदाच पत्र लिहिलेली लेखिकाही. उत्तर आलं नाही, की सदस्याच्याच नावाने आणखी दोन स्मरणपत्रं जायची. त्यावरून 2013 मध्ये अमेरिकेत खटला झाला. 2015 मध्ये कंपनीने 1 कोटी 30 लाख डॉलर देऊन तडजोड केली. संपादकांना मात्र आपल्या नावाने काय गेलं याचा पत्ताच नसतो, बिचारे!

तेव्हा ओळखीचं नाव असेल तर खुशाल स्वीकारावं. फक्त ‘कथेचं काय झालं?’ हे तिथे विचारू नये, त्याला ईमेल आहे. नको असेल तर ‘इग्नोर’ दाबावं. समोरच्याला तशी सूचना जात नाही.

आणि पहिल्याच निरोपात ‘वाचन शुल्क’ मागणारा अनोळखी ‘प्रकाशक’? त्याच्यासाठी ब्लॉकचं बटण आहेच.