पोटाचे दुखणे आणि मनाचा भार

सभासद बंधू-भगिनींनो,

गेल्या हंगामात तोडीची नोंद घ्यायला एका सभासदाच्या वस्तीवर गेलो. एरवी हे सभेला पुढच्या रांगेत; पण सहा महिने उंबऱ्याबाहेर नव्हते. दिवसात आठ-दहा वेळा परसाकडे, रक्त पडते, वजन उतरलेले. मूळव्याध समजून वेळ गेला. शेवटी दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्याला जखमा निघाल्या: अल्सरेटिव्ह कोलायटिस.

"साहेब, लग्नाला जायचं तरी आधी संडास कुठाय ते बघावं लागतं. नको झालंय," ते म्हणाले.

हुमणी लागते मुळाला, पण वाळतो सबंध ऊस. तसेच हे आहे. हा आजार संसर्गाने पसरत नाही. वर्षानुवर्षे दबतो, पुन्हा उसळतो. अशा रोग्यांत चिंता व उदासीनता इतरांपेक्षा जास्त आढळते. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीही झोप व मन बिघडू शकते. तेव्हा पोटाच्या डॉक्टरांना मनाचेही सांगावे. समुपदेशनाने, गरज पडल्यास औषधाने, फरक पडतो. पोटाची औषधे मात्र परस्पर बंद करू नयेत.

दोन आठवडे झोप नाही, कशात लक्ष नाही, असे झाले तर थांबू नये. जीव नकोसा वाटला तर त्याच घडीला सांगावे. सरकारची 'टेली-मानस' सेवा २०२२ पासून आहे: फोन १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. यात लाज कसली?

त्या सभासदांचे दोन्ही उपचार चालू आहेत. यंदा लावणीला ते स्वतः बांधावर उभे होते. त्यांच्याच संमतीने हे लिहिले.

आपला,
ऊस विकास अधिकारी