शेवटच्या गिअरचं गणित

नाताळच्या सुट्टीत हाटपिपल्याला मामाकडे गेले होते. मामेभाऊ लॅपटॉपवर 'असेट्टो कोर्सा' खेळत होता आणि जाम वैतागला होता. टॉप स्पीड वाढावा म्हणून त्याने गिअरचे आकडे बदलले, तर लॅपला उलट जास्तच वेळ लागायला लागला. "ताई, गेमच खराब आहे!"

गेम ठीकच होता. गिअर रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला किती फेरे मारावे लागतात, त्याचा हिशेब. सोयाबीनची भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये असतो: इंजिन खूप फिरतं, चाक जेमतेम, पण जोर मिळतो. आकडा मोठा तर जोर जास्त आणि वेग कमी. प्रत्येक गिअरचा आकडा शेवटी 'फायनल ड्राइव्ह'च्या आकड्याने गुणला जातो. म्हणून हा एकच आकडा हलवला की सगळे गिअर हलतात.

भावाने नेमकं तेच केलं होतं: फायनल ड्राइव्ह 4.3 वरून 3.9. आता हिशेब बघा. इंजिनाची मर्यादा मिनिटाला 7000 फेरे, टॉप गिअर 0.9, चाकाचा घेर 2 मीटर. 4.3 ला गाडी ताशी 217 किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, 3.9 ला 239. कागदावर छान! पण तो चालवत होता बुद्ध सर्किटवर. तिथला सर्वांत लांब सरळ पट्टा एक किलोमीटरच्या थोडा वर आणि त्याच्या शेवटी गाडी पोचत होती 205 ला. म्हणजे वरचा वेग वापरलाच जात नव्हता, आणि त्याच्यापायी 16 वळणांतून बाहेर पडताना सुमारे 9 टक्के जोर गेला.

त्याचा सेटअप कुठे चालला असता? आपल्याच माळव्यात! धार जिल्ह्यात पिथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, 2021 मध्ये सुरू झालेला. तो शर्यतीसाठी नाही, गाड्यांच्या चाचणीसाठी आहे. त्याची वळणं अशी तिरकी बांधलीत की वेग फारसा कमी करावाच लागत नाही. अशा ठिकाणी टॉप गिअर लांब हवा. तोही बेताने, कारण हवेचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. इंजिनात तेवढी ताकद नसेल तर लांब गिअरने वेग कमीच होतो.

दुसरी गोष्ट, दोन गिअरमधलं अंतर. दुसरा 2.0 आणि तिसरा 1.5 असेल तर 7000 वर गिअर बदलल्यावर फेरे 5250 वर पडतात. इंजिन 5500 नंतरच ओढत असेल तर तिथे गाडी मरगळते. तिसरा 1.6 करा, 5600 मिळतील. (सगळ्याच गाड्यांत हे बदलता येत नाही. खऱ्या फॉर्म्युला वनमध्येही 2014 पासून आठ गिअरचे रेशो हंगामाआधी ठरवावे लागतात.)

आम्ही फायनल ड्राइव्ह 4.4 केला. मर्यादा 212 वर आली, म्हणजे पट्टा संपता संपता इंजिन जवळजवळ पूर्ण फिरतं. लॅपमागे दीड सेकंद परत मिळाला. चौथ्या वळणावर भाऊ अजूनही ब्रेक उशिरा दाबतो. त्याला गिअरचा काही इलाज नाही.